डेनिसचा शब्द

डेनिसने दुरुस्त केलेला रेडिओ बंद केला तरी चालू गाणं पुरं करूनच गप्प व्हायचा. वझिरा नाक्यावरच्या एका बाईंचा टीव्ही तर त्याने असा बसवून दिला, की त्यात उद्याच्या बातम्या आजच लागायला लागल्या. बाईंच्या नवऱ्याने घाबरून टीव्ही परत दुकानात आणून ठेवला. नसेल विश्वास बसत तर नका ठेवू. पण पुढचं सांगते ते खरं आहे, त्यात मी मीठमसाला घातलेला नाही. एका ठिकाणी घालायला गेले होते, तिथे माझी काय फजिती झाली तेही सांगते.

डेनिस मूळचा खाडीपलीकडच्या मनोरीचा, दुकान बोरीवलीत. आमच्या ह्यांची, काशीरामची, गिरणी बंद पडली तेव्हा हे घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. चाळीतले लोक येऊन समजूत घालून गेले. डेनिस आला, त्याने समजूत घातली नाही. "उद्या नऊला ये," म्हणाला आणि गेला. त्याची वाक्यं अशीच, सुरू होईपर्यंत संपायची. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या हातात सोल्डरिंग आयर्न आलं आणि आमच्या घरात पुन्हा मासळी शिजायला लागली.

रविवारी दुकान बंद असायचं, पण शटर अर्धं वर. आत दहा-बारा जण मांडी घालून. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला दाखवायचं, एवढाच नियम. फी नाही, सर्टिफिकेट नाही. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्ही जाऊन कॉम्प्युटर आले, रविवार तसाच राहिला. माझी नात श्रुतिका तिथेच कीबोर्डवर बोटं आपटायला शिकली. आज ती मोठ्या कंपनीत आहे आणि तिचं काम मला तिने सतरा वेळा समजावून सांगितलंय. मला कळलेलं नाही, पण मी मान हलवते.

डेनिस गेला तेव्हा मनोरीतला, राहतं घर सोडून, त्याच्या बापाच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा विकून ठेवलेला होता. तिथे आता कुणाचा तरी सुट्टीतला बंगला आहे. त्यातले अर्धे पैसे ऑस्ट्रेलियातल्या मुलाला, ब्रायनला. अर्धे बँकेत ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून दर वर्षी मुंबईच्या उपनगरांत जे लोक रविवारच्या दुकानासारखे जमतात, एकमेकांना कॉम्प्युटर-मोबाईलचं काहीबाही शिकवतात, त्यांच्या मेळाव्यांना मदत करायची. श्रुतिका त्याला कम्युनिटी इव्हेंट म्हणते. आम्ही मेळावा म्हणतो.

पैसे वाटणाऱ्या तिघी. डेनिसची बायको जोसेफीन, म्हणजे माझी जोसू. दुसरी श्रुतिका. आणि तिसरी मी. मला का घेतलं म्हणून जोसूने नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "रुक्मिणी थापाडी आहे. थाप ओळखेल."

आणि शेवटी शेवटी, आवाज पार गेलेला असताना, त्याने जोसूला एक सांगून ठेवलं. "कुणी रिकामं जायचं नाही."

ही मनोरीची रीत. डेनिसच्या लहानपणी किनाऱ्यावर जाळं ओढायला जो हात लावेल त्याला मूठभर मासळी मिळायचीच. मग तो पाहुणा असो, नाहीतर नुसता बघायला आलेला. दोराला हात लागला की मूठ आपली. आणि दिलेली मूठ नाकारायची नाही. नाकारली तर तुमचं आमचं आजपासून बोलणं बंद.

तर जोसू तसंच करायला लागली. जानेवारीत सगळ्यांना मनोरीच्या घरी जेवायला बोलवायचं. मार्व्यावरून फेरी धरून सगळी तरुण पोरं यायची. पिठाचे तळलेले फुगे, कालवण, भात. जेवण झालं की प्रत्येकाचा हात हातात घेऊन पाकीट द्यायची आणि म्हणायची, "डेनिसची मूठ आहे." पाकिटात चेक असायचा, सगळ्यांना सारखा.

पहिल्या वर्षी मूठ चांगली होती. सात जण तर होते. मग बातमी पसरली. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, भाईंदरपासून लोक यायला लागले. व्याज तेवढंच आणि हात तीस. मुठीची चिमूट झाली. अंधेरीला एका हॉटेलात सुयोग नावाच्या मुलाचा केवढा तरी मोठा मेळावा होतो. येणाऱ्याला एक बॅग मिळते. त्या बॅगेत इतकं सामान असतं, की आमच्या बिल्डिंगमधला एक पोरगा ती बॅग घेऊन परस्पर महाबळेश्वरला चार दिवस राहून आला. त्यालाही चिमूट, आणि घाटकोपरच्या प्रांजललाही तेवढीच. प्रांजल म्हणजे म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या मुलींना सुट्टीच्या दिवशी कोडिंग शिकवणारी, आणि वर्षातून एकदा त्या मुलींचा मेळावा भरवणारी. सारखं म्हणजे सारखं. जोसूला त्यात फार समाधान होतं. मलाही, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात मी आणि श्रुतिका मनोरीला गेलो होतो. जोसू नाताळच्या न्यूऱ्या करत होती. आपल्या करंज्याच त्या, पण तिच्यासमोर करंजी म्हणायची सोय नाही. मी सारण भरत होते, थोडं पारीत, थोडं तोंडात. तेवढ्यात फाटक वाजलं आणि जयवंत आत आला. पांढरी काठी पुढे, मागे त्याला धक्क्यावरून सोडायला आलेला एक कोळी.

जयवंत मुलुंडचा, बँकेत आहे. जन्मापासून दिसत नाही. न दिसणाऱ्या लोकांचा तो मेळावा भरवतो. त्यांचे फोन बोलतात. मी ऐकलेत, इतके भरभर बोलतात की आमच्या मालवणच्या बायकाही दमतील. त्या फोनवरून बिलं कशी भरायची, कॅमेऱ्याने औषधावरचं नाव कसं वाचून घ्यायचं, नोकरीचा अर्ज कसा करायचा, हे सगळं तिथे एकमेकांना दाखवतात.

"ये रे बाबा," जोसू म्हणाली. "पायरी आहे, एकच. बस. न्यूरी खा."

तो बसला. न्यूरी हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. "आंटी, एक सांगायला आलोय. यंदा आम्हाला पैसे देऊ नका."

"का रे? लॉटरी लागली?"

"नाही. मेळावाच नाही करत."

जोसूचं लाटणं थांबलं. "असं कसं? मूठ तर तुझी आहेच. अर्ज नाही टाकलास तरी आहे."

"तेच नको आहे, आंटी."

जोसूच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्याला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. तिच्या दारात येऊन आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं.

श्रुतिका म्हणाली, "जयवंतदादा, झालं काय ते नीट सांग ना."

मग त्याने सांगितलं. गेल्या वर्षी त्याने मागितले होते ते लिफ्ट असलेल्या हॉलसाठी, आणि स्टेशनवरून लोकांना हाताला धरून आणायला, परत पोचवायला माणसं ठेवायची होती त्यासाठी. मिळाली चिमूट. त्याला वाटलं, न करण्यापेक्षा अर्धामुर्धा बरा. हॉल घेतला तो तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा. जिन्याचं काम चाललेलं होतं, कठडा काढून ठेवलेला. हाताला धरायला माणसं नव्हती. मीरा नावाची मुलगी उतरताना पडली.

"मनगट मोडलं," जयवंत म्हणाला. "उजवं. हाड जुळलंय, पण दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही. आंटी, ती त्या बोटांनी वाचते. ब्रेल."

मी हातातली पारी तशीच धरून बसले.

"तू तेव्हाच पाकीट परत का नाही केलंस?" जोसूने विचारलं. आवाज कडक होता. घाबरली की ती कडक बोलते.

"तुम्ही हात धरून म्हणालात, डेनिसची मूठ आहे. कुणाला जमेल परत करायला?" तो जरा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "चूक माझी होती. पैसे पुरणार नाहीत हे माहीत असून मी माणसं बोलावली. पुन्हा नाही बोलावणार. द्यायचे तर पुरते द्या, नाहीतर एक रुपया देऊ नका."

"तुला पुरते दिले तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"ते मला नाही माहीत, आंटी. मी खोटं कशाला सांगू?"

"डेनिसने मला काय सांगितलंय माहीत आहे तुला?"

"माहीत आहे. म्हणून तर स्वतः आलो, फोन नाही केला."

त्याने न्यूरी खाल्ली, छान झालीय म्हणाला, आणि उठला. श्रुतिका त्याला धक्क्यापर्यंत सोडायला गेली.

ती परत आली ती भांडायच्या तयारीनेच. "जोसू आजी, मी हिशोब करून बघितलाय. व्याजात तिघांचं नीट होतं. नीट म्हणजे कुणी पडणार नाही असं. ज्यांचा मेळावा आपल्याशिवाय होणारच नाही, असे तिघं शोधायचे. बाकीच्यांना नाही म्हणायचं."

"सत्तावीस जणांना?"

"हो."

"जमणार नाही."

"अगं पण सुयोगला आपले पैसे कशाला? त्याच्या बॅगेतली टोपी..."

"टोपी नाही, बूट देऊ दे तो! माझ्या नवऱ्याने मरताना एक गोष्ट मागितली. एकच. कधी काही मागितलं नाही त्या माणसाने. चहा पण स्वतः करून प्यायचा."

"आणि मीरा?"

"मीराला मी पाडलं नाही!"

ओरडली आणि मग स्वतःच खाली बसली. श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता आपण मध्ये पडायला पाहिजे. आणि माझ्याकडे मध्ये पडायचं दुसरं काही साधन नाही, गोष्टीच आहेत. मी सुरू केलं.

"जोसू, तुला आठवतंय का, पुराच्या आधीच्या वर्षी? रविवार होता. दुकानात दोघं जण आपापला रेडिओ घेऊन आले होते. एक पोस्टातला, एक दूधवाला. दोघांचा एकच पार्ट गेलेला आणि डेनिसकडे पार्ट एकच. दोघं हट्टाला पेटले. हे पण होते तिथे, ह्यांनीच मला सांगितलं. तेव्हा डेनिस शांतपणे म्हणाला, 'हे बघा, मासळी वाटता येते, पण पार्ट अर्धा करून दोघांना दिला तर दोघांचेही रेडिओ बंदच राहतील. म्हणून ज्याच्या घरात दुसरं काहीच वाजत नाही, त्याला आधी द्यायचा आणि दुसऱ्याने मोठ्या मनाने थांबायचं.' आणि पोस्टातल्याने..."

श्रुतिका तोंड उघडं टाकून ऐकत होती. "आजी, हे कधी सांगितलं नाहीस! जोसू आजी, बघ, म्हणजे डेनिस आजोबांचंच मत..."

"रुक्मे," जोसू म्हणाली.

"काय गो?"

"डेनिस आयुष्यात एवढं लांब वाक्य बोलला नाही."

श्रुतिका एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली.

"लग्नाच्या दिवशी पाद्रीने विचारलं तर मान हलवली त्याने. पाद्रीला दोनदा विचारावं लागलं," जोसू म्हणाली. "आणि हा 'मोठ्या मनाने थांबायचं'? मोठ्या मनाने! माझ्या डेनिसने?"

मी म्हटलं, "अगं, अगदी ह्याच शब्दांत नसेल..."

"कुठल्याच शब्दांत नाही. तू आत्ता केलंस ते, न्यूऱ्या भरता भरता." ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. "बाकी काय सांगायचं ते सांग त्याच्यावर. टीव्हीत उद्याच्या बातम्या दाखव, मी पण हसते. पण हे त्याच्या तोंडात घालू नको. तो मेलाय. त्याला आता 'मी असं बोललो नाही' म्हणता येत नाही."

मी पदराने हात पुसले. मग पुसलेलेच पुन्हा पुसले.

बराच वेळ ती लाटत राहिली. पाऱ्या पातळ व्हायला लागल्या, पलीकडचं दिसेल इतक्या. मग म्हणाली, "श्रुतिका, त्या मुलीचा नंबर आहे?"

"मीराचा? हो."

"लाव. मोठ्याने लाव."

मीराने फोन उचलला. जोसूने आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, "हात कसा आहे?"

"आहे जागेवर," मीरा म्हणाली. आवाज खणखणीत. "आंटी, तुम्हाला जयवंतसरांनी सांगितलं ना? त्यांना फार लागलंय मनाला. मी त्यांना म्हटलं, मला पायरी दिसली नाही हे ठीक आहे, पण मी पायरीला दिसले असणार ना? तिने तरी बाजूला व्हायचं."

मला हसू आलं, जोसूला नाही आलं. "मेळावा बंद करतोय तो," ती म्हणाली.

मीराचा आवाज बदलला. "करू देऊ नका, आंटी. मी बी.कॉम. आहे. तीन वर्षं घरी बसून होते. मला इंटरव्ह्यूचा अर्ज भरायला तिथेच एकाने शिकवलं, तोही न दिसणाराच. डोळेवाले लोक शिकवतात ना, ते सारखं म्हणतात, 'इथे क्लिक कर.' इथे म्हणजे कुठे?" जरा थांबली. "आमची जमायची दुसरी जागा नाही. पण परत तसल्या जिन्यावर मी नाही जाणार. घाबरते आता. आधी नव्हते घाबरत."

जोसूने फोन ठेवला. पीठ लागलेल्या हातानेच कपाळ पुसलं. "पाडलं मीच," म्हणाली. "मूठ देताना मला बरं वाटत होतं ना."

"जोसू आजी..."

"गप. ऐक. कोण तिघं ते नीट शोधा. माझ्या ओळखीचा, हिच्या ओळखीचा, कुणाचं ऐकायचं नाही. आणि डेनिसचा शब्द मोडतोय तो मी मोडतेय. त्याने असंच सांगितलं असतं वगैरे कुणी म्हणायचं नाही. तो म्हणाला होता कुणी रिकामं जायचं नाही. मी म्हणतेय, जातील. त्याला वर भेटेन तेव्हा माझं मी बघीन."

मग श्रुतिकाने एकेकाला फोन करून एकच विचारलं. आमचे पैसे नाही मिळाले तर काय होईल? मी शेजारी बसून ऐकायचे. थाप ओळखायला ठेवलंय मला, तर ते काम केलं. एकाने सांगितलं, त्याचा मेळावा झाला नाही तर दहिसरची सगळी तरुण पिढी वाया जाईल. मला आवडलं, पण मी नकाराची खूण केली. सुयोग मात्र सरळ निघाला. म्हणाला, "खरं सांगू? काही नाही होणार. स्टिकर कमी छापू." प्रांजललाही तेच विचारलं. ती विचार करून म्हणाली, "होईल. मुलींना नाश्ता नाही देता येणार, बस नाही करता येणार, लांबच्या मुली येणार नाहीत. पण होईल, ओढूनताणून."

जयवंत पहिला आला. आणखी दोघं त्याच्यासारखेच, ज्यांचं आमच्याशिवाय पानही हललं नसतं. प्रांजल चौथी.

श्रुतिका म्हणाली, "सगळ्यांना ईमेल टाकते, संपला विषय."

"नाही," जोसू म्हणाली. "हो म्हणायला घरी बोलावत होतो. नाही म्हणायला पण घरीच बोलवायचं."

तसं बोलावलं. जयवंत आणि त्या दोघांना फोनवर कळवायचं ठरलं, उरलेल्यांसमोर त्यांना उभं करायचं नाही म्हणून. बाकीचे फेरीतून उतरून हसत-खिदळत आले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, घरात कालवणाचा वास. जोसूने जेवणाच्या आधीच सांगितलं. म्हणाली, जेवल्यावर सांगितलं तर फसवून जेवू घातल्यासारखं होईल.

ती उभी राहिली, काळ्या स्कर्टवर हात घट्ट दाबून. "यंदा मूठ नाही. पैसे तिघांना दिले, पुरते दिले. तुम्हाला काही नाही. डेनिसने असं सांगितलं नव्हतं, त्याने उलटं सांगितलं होतं. हे मी ठरवलंय. राग असेल तर माझ्यावर काढा. कालवण तयार आहे."

मधमाश्यांचं पोळं हलवल्यासारखं झालं. एक जण म्हणाला, "मग इथपर्यंत बोलावलं कशाला, आंटी?" दुसरा म्हणाला, "कुठल्या तिघांना ते तरी कळू दे." श्रुतिकाने नावं सांगितली, कशामुळे तेही सांगितलं. काही जणांनी माना डोलावल्या. काही उठून तसेच पुढची फेरी धरायला गेले.

सुयोग डोकं खाजवत आला. "आंटी, आमचं ठीक आहे हो. पण बॅनरवर अंकलचं नाव छापून झालंय."

"मग राहू दे. नावाचे पैसे नाही घेत मी," जोसू म्हणाली. तो हसला आणि ताट घेऊन बसला. त्याचं पोट भरलेलं होतं, त्याला जेवण सोपं होतं.

प्रांजल शेवटपर्यंत खुर्चीतून उठली नाही. ताट घेतलं नाही. जोसू स्वतः तिच्याजवळ गेली, मी मागे होते.

"तू चौथी होतीस," जोसू म्हणाली.

"चौथी म्हणजे काय, आंटी? शेवटच्यालाही तेवढंच मिळालं ना?"

"हो."

"मला फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, ओढूनताणून होईल." तिचा आवाज खाली होता. "होणार नाही म्हटलं असतं, तर मिळालं असतं?"

श्रुतिकाने मान खाली घातली. माझ्या तोंडात लगेच काहीतरी आलं होतं. असं नसतं गं बाळ, आम्ही सगळं बारकाईने बघितलं, तुझ्या खरेपणाचं आम्हाला किती कौतुक. गोड, गुळगुळीत. जोसूने माझ्याकडे बघितलंही नाही, तरी मी ते गिळलं.

"मिळालं असतं, कदाचित," जोसू म्हणाली.

"मुलींना काय सांगू मी? विरारहून येते एक. तिला कुठल्या तोंडाने सांगू की बस नाही?"

"माझं नाव सांग. जोसेफीनने नाही म्हटलं म्हणून सांग."

"त्यांना तुमचं नाव माहीत नाही, आंटी. त्यांना माझंच माहीत आहे."

प्रांजल उठली, पिशवी खांद्याला लावली. तिने जोसूच्या पायाला हात लावला नाही, बाय म्हटलं नाही. फाटक मात्र आपटलं नाही, नीट लावून गेली.

दुपारी सगळे गेल्यावर जोसूने जयवंतला फोन लावायला सांगितला. श्रुतिका म्हणाली, मी कळवते. जोसू नाही म्हणाली.

"जयवंत, तुझं पुरतं झालं. लिफ्टवाला हॉल घे. माणसं ठेव," जोसूने सांगितलं.

मग त्याने विचारलं, "कितीजण नाराज झाले, आंटी?"

"बरेच."

"कुणी रडलं?"

"रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं." आणि तिने त्याला प्रांजलचं सगळं सांगितलं. विरारच्या मुलीचंही. तिच्या फोनवरच्या उत्तराचंही. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

जयवंतने थँक्यू म्हटलं नाही. मला त्याचं बरं वाटलं. तिकडे त्याच्या बँकेत कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं, ते ऐकू येत राहिलं.

"मग आता नीट करायलाच पाहिजे," तो म्हणाला.

"हो," जोसू म्हणाली. "करायलाच पाहिजे."

फोन ठेवून ती आत गेली. पातेल्यात अर्ध्याहून जास्त कालवण तसंच होतं. तिने गॅस लावला आणि ते पुन्हा उकळायला ठेवलं, संध्याकाळपर्यंत नासू नये म्हणून.